चोविसाव्या आठवड्याआधी काय घडते

गर्भपाताच्या नैतिकतेवर आपल्याकडे होणाऱ्या चर्चेचा आवाज अलीकडे वाढला आहे, खोली मात्र वाढलेली नाही. तालुक्याच्या गावची व्याख्यानमाला असो, महाविद्यालयाची वादविवाद स्पर्धा असो की बसस्थानकासमोरची चहाची टपरी असो, विषय निघाला की दोन वाक्ये ठरलेली असतात. एक बाजू म्हणते, ‘चोवीस आठवड्यांचे मूल आता काचेच्या पेटीत जगते, मग त्याला पाडणे हा खून नाही तर काय?’ दुसरी बाजू म्हणते, ‘शरीर बाईचे, निर्णय बाईचा, विषय संपला.’ दोन्ही वाक्ये आयती आहेत आणि दोघांनाही समोरच्याचे ऐकून घ्यायचे नसते. मला पहिल्या वाक्याचा विचार करायचा आहे, कारण ते शास्त्राचे बोट धरून येते आणि म्हणून भल्याभल्यांना पटते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, गर्भ आईच्या शरीराबाहेर जगू शकतो की नाही, ही बाब गर्भारपण कोणत्या पद्धतीने संपवावे हे ठरवायला उपयोगाची आहे. परंतु ते गर्भारपण बाईवर लादावे की नाही, हे ठरवण्याचा निकष म्हणून ती कच्ची आहे. आणि ग्रामीण विदर्भात तर हा निकष, इतरांनी केलेल्या उशिराचे खापर त्या बाईच्याच डोक्यावर फोडण्याचे साधन होऊन बसतो.

विरोधी बाजूचे म्हणणे हलके नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. सहाव्या महिन्यातला गर्भ म्हणजे ‘मांसाचा गोळा’ नव्हे. तो हलतो, आवाजाला प्रतिसाद देतो आणि त्याची हालचाल ज्या बाईने पोटात अनुभवली आहे तिला हे कोणी शिकवावे लागत नाही. शिवाय जगण्याच्या क्षमतेची रेषा अगदीच मनमानी आहे असेही नाही. तिच्यामागे एक खरा युक्तिवाद आहे. त्या रेषेआधी गर्भारपण संपवणे आणि गर्भाचे आयुष्य संपवणे या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करताच येत नाहीत. त्या रेषेनंतर त्या वेगळ्या करता येतात: बाई मोकळी होऊ शकते आणि मूलही वाचू शकते. मग गर्भारपण संपवण्याचा हक्क मान्य केला तरी त्यातून मूल मारण्याचा हक्क कसा निघतो, हा प्रश्न प्रामाणिक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. दोन मुलांची आई असलेली एक विवाहित बाई, अंगावर पाजत असताना पाळी येत नसल्याने दिवस राहिल्याचे उशिरा कळलेली, बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर औषधे घेणारी. ९ ऑक्टोबरला तिला परवानगी मिळाली. त्यानंतर दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरने कळवले की गर्भ जिवंत बाहेर येण्याची शक्यता मोठी आहे, त्याचे हृदय आधी बंद करायचे की नाही ते न्यायालयाने सांगावे. दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले, प्रकरण तीन न्यायमूर्तींकडे गेले आणि १६ ऑक्टोबरला परवानगी नाकारली गेली. त्या डॉक्टरचा प्रश्न वाचून ज्याच्या मनाची चलबिचल होत नाही, त्याने या विषयावर बोलू नये, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

पण चलबिचल होणे वेगळे आणि निकष सापडणे वेगळे. ‘मूल जगू शकते’ हे विधान नेमके कोणाविषयी आहे? गर्भाविषयी, असे वाटते. इतिहास काही वेगळे सांगतो. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेचौतीस आठवड्यांचा जन्मला, दोन किलोंहून थोडा अधिक वजनाचा. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान घरातले ते मूल फुप्फुसे पुरती न फुलल्यामुळे दोन दिवसही जगू शकले नाही. आज तेवढ्याच दिवसांचे, तेवढ्याच वजनाचे मूल यवतमाळच्या किंवा चंद्रपूरच्या सरकारी नवजात कक्षातून सहसा आईच्या कुशीत घरी जाते. गर्भ तोच आहे. बदलले ते आपण. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या दोन संशोधकांनी दाखवले की, अकाली प्रसूतीआधी आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. पुढे फुप्फुसे फुललेली ठेवणारे, त्यांत सोडायचे सर्फॅक्टंट हे औषध आले, व्हेंटिलेटर सुधारले आणि रेषा मागे सरकत गेली. ब्रिटनने १९६७ च्या गर्भपात कायद्यात गृहीत धरलेले २८ आठवडे १९९० मध्ये २४ वर आणले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य करणारा सगळा निकालच या रेषेवर उभा केला आणि २०२२ मध्ये तो निकाल उलटवताना हेच दाखवून दिले की, यंत्रांसोबत हलणाऱ्या रेषेवर नैतिकता उभी राहत नाही. त्या न्यायालयाने त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, पण आक्षेप खरा होता. धुऱ्यावरचा दगड दर हंगामाला सरकत असेल, तर शेत कोणाचे हे त्या दगडाला विचारून ठरत नाही.

आपल्याकडेही अशा रेषा होत्याच. वऱ्हाडातली जुनी माणसे अजूनही सांगतात की सातमाशे मूल जगते, आठमाशे जगत नाही. शास्त्राने हे खोटे ठरवले आहे. आठव्या महिन्यातल्या मुलाची शक्यता सातव्यातल्यापेक्षा केव्हाही अधिक. तरी या समजुतीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचे भय होते आणि ते भय मूल हातचे जाण्याचे होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेने दुसरीच रेषा धरली. कलम ३१२ खाली गर्भपात घडवून आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. परंतु बाईला पोटात हालचाल जाणवू लागली असेल तर ती सात वर्षांपर्यंत जाई. हाच भेद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये जसाच्या तसा राहिला आहे. या जुन्या रेषेत एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी होती: हालचाल सुरू झाली की नाही, याची साक्ष फक्त ती बाईच देऊ शकत होती. जगण्याच्या क्षमतेची रेषा आली आणि साक्षीदार बदलला. आता सोनोग्राफीचा अहवाल बोलतो, डॉक्टरांचे वैद्यकीय मंडळ बोलते, न्यायालय बोलते. ज्या बाईच्या पोटात हे सारे घडते आहे, ती शपथपत्रावर अंगठा देऊन बाकावर बसून असते.

आता हा निकष गडचिरोली जिल्ह्याच्या टोकावरच्या भामरागडला नेऊन पाहा. चोवीस आठवड्यांचा गर्भ सहाशे-साडेसहाशे ग्रॅमचा असतो. त्याला जगवायचे तर जन्मल्या क्षणापासून श्वासासाठी यंत्र, चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका, शिरेतून पोषण आणि पुढे काही महिने संसर्गापासून जपणूक लागते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो. जिल्ह्याचे ठिकाण एरवीही दीडशे किलोमीटरहून दूर, आणि नागपूर त्याच्याही पलीकडे. तोच गर्भ मोठ्या खासगी रुग्णालयांच्या नागपुरातल्या धंतोलीत ‘जगण्यास सक्षम’ आणि भामरागडमध्ये ‘अक्षम’ ठरतो. मग त्याचे नैतिक मोल रस्त्यावर अवलंबून आहे काय? ज्यांना गर्भ हा पहिल्या दिवसापासून माणूस वाटतो, त्यांनाही हे उत्तर मान्य होणार नाही. ज्यांना तसे वाटत नाही, त्यांनाही नाही.

याच गडचिरोली जिल्ह्याने याबाबतीत एक धडा दिला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच कमी शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले: बाळ उबदार कसे ठेवावे, जन्मतः गुदमरलेल्याला श्वास कसा द्यावा, जंतुसंसर्ग कसा ओळखावा आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन कसे द्यावे. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात, तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्यातली पुष्कळ बाळे अकाली किंवा कमी वजनाची होती. आदल्या वर्षी त्यांच्यासारखी बाळे मरत होती, पुढच्या वर्षी जगू लागली. जगण्याची क्षमता बाळाच्या अंगात जेवढी असते, तेवढीच ती भोवतालच्या समाजाने केलेल्या कष्टांत असते. ते कष्ट ज्या शासनाने केले नाहीत, त्याने ‘मूल जगू शकते’ म्हणून बाईचा रस्ता अडवावा, हे कोणत्या तोंडाने?

यावर उत्तर येईल की कायद्याला कुठेतरी रेषा आखावीच लागते. खरे आहे, लागते. पण आपल्या कायद्याची रेषा या निकषावर आखलेलीच नाही, हे तावातावाने बोलणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा शांतिलाल शाह समितीच्या अहवालातून आला आणि त्यामागची चिंता काडी, काढा आणि अडाणी हातांनी मरणाऱ्या बायकांची होती. २०२१ च्या दुरुस्तीने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे ठरवले. २० ते २४ आठवड्यांच्या दरम्यान दोन डॉक्टरांच्या मताने काही ठरावीक स्त्रियांना मुभा दिली, ज्यांत अत्याचारपीडित, अल्पवयीन, अपंग आणि गर्भारपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या स्त्रिया येतात. यातला विधवेचा उल्लेख यवतमाळ-अमरावतीच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागू नये; नवऱ्याने कर्जापायी फवारणीचे औषध घेतले आणि मागे बायको चौथ्या-पाचव्या महिन्यात, अशी घरे आपण पाहिली आहेत. २४ आठवड्यांनंतर मात्र कायदा फक्त गर्भात गंभीर व्यंग असल्यास, वैद्यकीय मंडळाच्या संमतीने, परवानगी देतो. बाईचा जीव वाचवण्यासाठी गर्भपात आवश्यक असेल तर मुदतीचे बंधन नाही. आता पाहा: व्यंग असलेला गर्भ अनेकदा शरीराबाहेर जगू शकणारा असतो, तरी परवानगी आहे, आणि तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार होऊन पंचविसावा आठवडा लागला असेल तर कायद्याच्या शब्दांत तिला जागा नाही, तिने उच्च न्यायालयात रिट याचिका करावी. जगण्याची क्षमता हाच निकष असता तर दोन्हींना नकार मिळाला असता; बाईचे हाल हा असता तर दोन्हींना होकार. कायद्याने येथे करुणा दाखवली आहे, पण निवडक. अपंगांच्या चळवळीतले लोक विचारतात की आमच्यासारखे गर्भ पाडण्यासाठीच दार उघडे का, आणि त्यांच्या या प्रश्नाला मला आजवर चांगले उत्तर ऐकायला मिळालेले नाही.

खरा प्रश्न या सगळ्याच्या आधी आहे. बाई चोविसाव्या आठवड्यापर्यंत पोहोचते कशी? शहरी वक्त्याला वाटते की तिने निर्णय घ्यायला वेळ लावला. मेळघाटातली किंवा यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीतली बाई निर्णय आठव्या-दहाव्या आठवड्यातच घेते. वेळ लागतो तो इतरांना. पाळी चुकली हे कळायलाच अंगात रक्त नसलेल्या, पाळी अनियमित असलेल्या बाईला दोन महिने लागतात. मग कोणीतरी दिलेला काढा, मग झोलाछाप डॉक्टरच्या दोन-तीन खेपा. आशाताईला सांगावे तर ती गावातलीच, गोष्ट फुटण्याची भीती. उपकेंद्रातली सिस्टर प्राथमिक आरोग्य केंद्राकडे बोट दाखवते. तिथल्या डॉक्टरने गर्भपाताचे प्रशिक्षण घेतलेले नसते, तो ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी देतो. ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस येतात आणि त्या दिवशी तूर सोंगायला गेली नाही तर मजुरी बुडते. पुढे अमरावतीच्या डफरीनला किंवा सेवाग्रामला जावे, तर सोबत कोण येणार आणि घरी काय सांगणार? या वाटेवर कुठेतरी कोणीतरी ठणकावून सांगतो, ‘नवऱ्याची सही आण.’ सज्ञान स्त्रीला नवऱ्याच्या सहीची गरज कायद्याने कधीच ठेवली नव्हती, १९७१ मध्येही नाही. सही मागणाऱ्याला बहुधा हे माहीत असते.

अल्पवयीन मुलीची वाट आणखी लांब. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली डॉक्टरला पोलिसांत कळवणे भाग आहे, म्हणून घरचे डॉक्टरकडेच जात नाहीत. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंतची मुभा देतानाच हेही सांगितले की, मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने तिचे नाव उघड करण्याची गरज नाही. हा निकाल किती ग्रामीण रुग्णालयांच्या भिंतीवर लावलेला दिसतो? झरी जामणी, मारेगाव, पांढरकवडा या पट्ट्यातल्या आदिवासी कुमारी मातांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो आहोत. त्या मुलींच्या पोटातले बाळ जगण्यास सक्षम आहे का, असे विचारायला तेव्हा कोणीही गेले नव्हते. मूल झाल्यावर बाप कोण, हे विचारायलाही फारसे कोणी गेले नाही.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी हीच विसंगती १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकात पकडली होती. आदल्या वर्षी सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला पोटचे मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली (अपिलात ती शिक्षा कमी झाली) आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीचा उद्धार सुरू झाला. तिथे तर मूल जन्मलेले होते, म्हणजे जगण्याच्या क्षमतेचा वादच नव्हता. कृत्य गुन्हाच होते. तरीही ताराबाईंनी विचारले की पुनर्विवाह बंद करणारे, विधवेला नादी लावून नामानिराळे होणारे आणि मग न्यायनिवाडा करायला बसणारे कोण आहेत? त्याआधी १८६३ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते याच समजुतीने: मूल वाचवायचे असेल तर आधी आईची कोंडी फोडली पाहिजे. बालहत्येचा धिक्कार करणारे त्या काळी शेकड्याने होते. विधवेला बाळंतपणासाठी दार उघडणारे घर एखादेच.

येथे एक आक्षेप उरतो आणि महाराष्ट्रात तो दुर्लक्षून चालणार नाही: गर्भपात सोपा केला की मुली मारल्या जातील. १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या राज्याने केला, कारण दुखणे आपल्या घरातले होते, आणि ते अजून गेलेले नाही. जानेवारी २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत एका अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताचा तपास करताना रुग्णालयामागच्या गोबरगॅसच्या खड्ड्यात कवट्या आणि हाडे सापडली, तेव्हा सारा विदर्भ हादरला होता. पण उपाय कोणत्या जागी केला गेला, ते पाहा. धाडी आणि नोंदींच्या धसक्याने राज्यातल्या औषध दुकानांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच सोडले. या गोळ्या कायद्याने नऊ आठवड्यांपर्यंत वापरायच्या असतात. सोनोग्राफीत लिंग साधारण बारा-तेरा आठवड्यांआधी भरवशाने दिसत नाही. म्हणजे लिंग कळण्याआधीच मोकळे होऊ पाहणाऱ्या बाईचा रस्ता बंद झाला आणि लिंग कळल्यावर पैसे मोजणाऱ्याचा चालूच राहिला. वेळेवर मिळालेली गोळी मुलींची शत्रू नाही. बाईला चौथ्या-पाचव्या महिन्यात ढकलणारी व्यवस्था मात्र गर्भाची नक्कीच मित्र नाही. ज्यांना वाढलेल्या गर्भाची खरोखर काळजी आहे, त्यांनी नवव्या आठवड्यातल्या गोळीसाठी मोर्चा काढायला हवा होता. तो मोर्चा मी पाहिलेला नाही.

‘तर मग नऊ महिन्यांपर्यंत काहीही चालेल का?’ असे विचारले जाईल. नाही. गर्भ जसजसा वाढतो तसतसे त्याचे आपल्यावरचे देणे वाढते, असे मी मानतो. एका रात्रीत ते शून्यावरून शंभरावर जात नाही, एवढेच. म्हणूनच शेवटच्या टप्प्यात, जिथे मूल खरोखर तगण्याची आशा आहे आणि तगवण्याची यंत्रणाही हाताशी आहे, तिथे बाईची सुटका आणि मुलाचा जीव दोन्ही साधणारी पद्धत डॉक्टरांनी निवडावी, हे मला योग्य वाटते. जगण्याच्या क्षमतेचा उपयोग तिथे आहे. परंतु ‘बाळंत होऊ दे, मग दत्तक देता येईल’ हा सल्ला आपण ज्या सहजतेने देतो, तिची मला चीड येते. सव्विसाव्या आठवड्यात मूल बाहेर काढले तर त्याच्या डोळ्यांना, मेंदूला, फुप्फुसांना धोका. म्हणून ते पूर्ण दिवसांचे होऊ द्यावे, म्हणजे आणखी तीन महिने त्या मुलीने पोट घेऊन त्याच गावात राहावे, जिथे अत्याचार करणारा समोरच्या गल्लीत राहतो. शाळा सुटली, लग्न मोडले, आणि सगळ्यांना ठाऊक झाले. तिच्या शरीरातल्या या तीन महिन्यांची मागणी करणाऱ्याने बदल्यात काय देऊ केले आहे? एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधी परवानगी दिली. नंतर पालकांचे मन बदलल्यावर ती मागे घेतली. त्याच प्रकरणात न्यायालयाने वैद्यकीय मंडळांना बजावले की, केवळ गर्भाचे व्यंग तपासून थांबू नका, गर्भवतीच्या शरीर-मनाच्या स्थितीवरही मत द्या.

त्या सूचनेपुढे मी आणखी एक पायरी सुचवतो. मंडळाच्या अहवालात गर्भाचे वजन, ठोके आणि आठवडे यांच्या नोंदी असतातच. त्यांच्या वरच्या ओळीत, ही बाई पहिल्यांदा कोणत्या तारखेला, कोणत्या केंद्रात आली होती आणि तिला कोणत्या कारणाने परत पाठवले गेले, ही नोंद सक्तीची करावी. त्या तारखेला ती नऊ आठवड्यांची असेल आणि मंडळापुढे पंचविसाव्यात उभी असेल, तर मधल्या सोळा आठवड्यांचा जाब त्या केंद्राच्या प्रमुखाने आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी लेखी द्यावा, आणि तो जाब न्यायालयातल्या कागदांना जोडलेला असावा.